कॅलिबर ठरेपर्यंत

१८ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. वही ऑफिसची आहे, पण मागची ऐंशी पानं कोरी होती आणि आमच्या काउंटी कचेरीला त्यांची गरज दिसली नाही.

विषय एकच. या सीझनला मी एल्क मारणार, म्हणजे घोड्याएवढं हरीण. वय बावन्न. वजन थोडं जास्त. अनुभव नाही म्हटलं तरी चालेल. पण डोकं शाबूत आहे, आणि शिकारीत खरं काम डोक्याचंच असतं.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको. बाबा एप्रिलमध्ये गेले. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हातात हॅमचं सँडविच होतं, समोर तीस-चाळीस माणसं होती, आणि मी मोठ्याने म्हणालो, "आई, यंदा तुझा फ्रीजर मी भरीन." काहींनी आपापल्या ताटात पाहिलं. बाबांचा मित्र चेट हॉगन खोकला. माझ्या मते लोक भारावले होते.

आईचा फ्रीजर म्हणजे गॅरेजमधली ती लांबलचक पांढरी पेटी. लग्न झाल्यापासून आईने दुकानातून बीफ आणलेलं नाही. दर नोव्हेंबरला बाबा एक एल्क आणायचे. दोघं मिळून स्वयंपाकघराच्या टेबलावर ते कापायचे, पांढऱ्या कागदात बांधायचे, आणि ते वर्षभर पुरायचं. आता पेटीत जे आहे ते नोव्हेंबरपर्यंत कसंबसं जाईल, असं आई म्हणाली.

सीझन २६ ऑक्टोबर ते १ डिसेंबर. वेळच वेळ. आधी रायफल ठरवायची. पहिली रायफल नीट निवडली की निम्मी शिकार झाली. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझी निम्मी शिकार झालेली असेल.

१९ ऑगस्ट, सोमवार

काल आई म्हणाली, बाबांची आहे की कपाटात, तीच ने. पाहिली. व्हॅक्युम क्लीनरच्या मागे उभी होती. नळीचा काळा रंग हाताळून हाताळून पांढरट झालाय. लाकडी दस्त्याला टोकापासून तीन बोटांवर सरळ जोड आहे. कधीतरी मोडली असणार आणि बाबांनी गोंद लावून काम भागवलं असणार. बाबांचं सगळं असंच. पिकअपचा आरसाही तारेने बांधलेला.

कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, थर्टी-ऑट-सिक्स. हे काडतूस निघालं तेव्हा इथल्या लोकांकडे मोटारीही नव्हत्या. मी आईला समजावून सांगितलं की आता विज्ञान फार पुढे गेलंय आणि गोंद लावलेल्या रायफलीवर मी भरवसा ठेवू शकत नाही. आईने ऐकून घेतलं आणि ती परत व्हॅक्युमच्या मागे ठेवली.

२४ ऑगस्ट, शनिवार

शिकारीची चार मासिकं आणली. वाचून डोळे उघडले. लोक उगाच डोंगर तुडवत बसतात. सगळा खेळ आकड्यांचा आहे. गोळीची रुंदी, वजन, दारू किती, तीनशे यार्डांवर किती खाली पडते, खांद्याला धक्का किती. मी तक्ता करायला घेतलाय. सात कॅलिबर, अकरा रकाने.

निश्चय: रोज संध्याकाळी एक तास तक्ता. रोज सकाळी कोर्टामागच्या टेकडीवर चढणं. सोमवारपासून.

३ सप्टेंबर, मंगळवार

टेकडी राहिली. सोमवारी इथल्या कामगार दिनाची सुट्टी होती. त्याआधीच्या सोमवारी बूट सापडले नाहीत.

आज रोलँडच्या दुकानात गेलो. हार्डवेअरचं दुकान, मागच्या बाजूला बंदुकींचं काउंटर. आधी त्याचे वडील बसायचे, आता तो बसतो. रोलँडने विचारलं, किती लांबून गोळी झाडणार? मी म्हणालो, सहाशे यार्ड. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, इथले एल्क बहुतेक दीडशे-दोनशेच्या आतच मिळतात, झाडीच तेवढी आहे. मी म्हणालो, मला पर्याय खुले ठेवायचे आहेत.

मग त्याने विचारलं की व्हर्नची रायफल कोण वापरतंय आता. व्हर्न म्हणजे बाबा. मी म्हणालो, कोणी नाही, ती जुनी झाली. रोलँडने फडकं घेतलं आणि काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छच होतं. विक्रेते असेच असतात, गिऱ्हाईक जाणकार निघालं की गडबडतात.

९ सप्टेंबर, सोमवार

निर्णय झाला. थ्री-ओ-एट. आटोपशीर काडतूस, धक्का बेताचा, गोळ्या कुठेही मिळतात. पक्कं. आता मागे फिरणे नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

थ्री-ओ-एट रद्द. मासिकात एकाने लिहिलंय की मोठ्या नराला ते "पुरतं". नुसतं पुरतं? मला पुरणारं नको, उरणारं हवं.

१५ सप्टेंबर, रविवार

आईकडे जेवण. एल्कच्या खिम्याचा मीटलोफ. चेटही होता. तो हल्ली दर रविवारी असतो, आईची लाकडं फोडून देतो. चेट सत्तरीचा आहे आणि त्याला विज्ञानाचा गंध नाही. मी तक्ता दाखवला. त्याने चष्मा लावला, तक्ता उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "ड्वेन, यातल्या कशानेही एल्क मरतो. जागेवर लागलं म्हणजे झालं. एल्क काही मासिक वाचत नाही."

मग म्हणाला, येत्या शनिवारी माझ्याबरोबर वर डोंगरात चल, कळप कुठे उतरतोय ते बघून ठेवू, बंदुकीचं नंतर बघता येईल. मी म्हणालो, आधी बंदूक, मग कळप. कामाला क्रम असतो. आई उठून कॉफी आणायला गेली.

निघताना तिच्या फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने लावलेला एक परवाना दिसला. या वर्षीचा, तिच्या नावाचा, मादी एल्कचा. सवयीने काढला असेल, बिचारीने. वय चौऱ्याहत्तर. 

माझा परवानाही माझ्या फ्रिजवर आहे. तो मी पहिल्याच दिवशी काढला. ह्याला म्हणतात तयारी.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसात आई आली. रांगेत उभी होती, नंबर घेऊन. गाड्यांची कागदपत्रं आणि नंबरप्लेटा माझ्याच खिडकीवर असतात. बाबांची पिकअप आईच्या एकटीच्या नावावर करायची होती. मृत्यूचा दाखला, जुना कागद, सही. बाबांच्या नावावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी शिक्का मारायचा असतो. मी रेघ मारली. शिक्का मारला. पट्टी वापरली, म्हणून रेघ सरळ आली.

काही वाटलं नाही. एप्रिलपासून हे असंच आहे. दात काढल्यावर गालाला भूल असते, आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं. त्रास काहीच नाही. उलट कामं पटापट होतात.

आई "थँक यू" म्हणाली, जसं सगळे म्हणतात. दुपारी टूनाचं सँडविच.

२१ सप्टेंबर, शनिवार

चेट वर गेला असेल. मी तक्त्यात "वाऱ्याचा परिणाम" हा बारावा रकाना घातला. दिवस सत्कारणी.

५ ऑक्टोबर, शनिवार

सेव्हन एमएम मॅग्नम. संपला विषय.

६ ऑक्टोबर, रविवार

सेव्हन एमएम की थ्री हंड्रेड मॅग्नम, हा विषय सुरू झाला. आईला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बरं, पण मांसाची अठरा पुडकी राहिली आहेत, आणि चेट विचारत होता. मी म्हणालो, चेटला म्हणावं शास्त्रोक्त पद्धतीने चाललंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११.२०

नेमबाजीच्या रेंजवरून, दवाखान्यामार्गे परत. डाव्या हाताने लिहितोय, उजव्या हाताने भुवईवर रुमाल धरलाय.

रोलँडने त्याची स्वतःची थ्री हंड्रेड मॅग्नम वापरायला दिली होती. म्हणाला, डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीपासून चार बोटं लांब ठेव आणि दस्ता खांद्यात घट्ट रोव. मी म्हणालो, वाचलंय मी. मासिकात बोटांचा उल्लेख नव्हता. चाप ओढला आणि पुढचं आठवत नाही. दुर्बिणीची कड भुवईवर बसली. रक्त बरंच. टाके चार.

गोळी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही.

निष्कर्ष: थ्री हंड्रेडमध्ये ताकद आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

भुवईवर अर्धचंद्र उमटलाय. मला वाटलं, लोकांना सांगता येईल की कपाटाचं दार लागलं. पण आमच्या गावात हा चंद्र शाळेतली पोरंही ओळखतात. खिडकीवर आज एकोणीस लोक आले. सतरा जण चंद्राकडे पाहून गप्प बसले. एक बाई "नवीन आहे वाटतं" म्हणाल्या. मला आधी वाटलं त्या नंबरप्लेटेबद्दल बोलतायत. शेवटचा एक म्हातारा शेतकरी स्वतःची टोपी वर करून त्याचा चंद्र दाखवून गेला. त्याचा साठ वर्षांपूर्वीचा होता.

एका अर्थी माझी दीक्षा झाली म्हणायला हरकत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आईने हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि नीट पाहिलं. गोठवलेल्या मटारची पिशवी दिली. आठवडा झालाय, आता मटारचा उपयोग नाही, पण घेतली. म्हणाली, तुझ्या बाबांना जन्मात एकदाही लागलं नाही. मी म्हणालो, ते तोळामासा कॅलिबर वापरायचे.

मग ती म्हणाली, "तू बारा वर्षांचा होतास तेव्हा..." आणि थांबली. मला तो किस्सा माहीत आहे. बारा पूर्ण झाले की इथे पोरांना वर नेतात. मलाही नेलं होतं. एकच दिवस. मला जबरदस्त सर्दी झाली होती, ताप चढत होता, म्हणून परत आणलं. पुढे शाळा, बेसबॉल, मग नोकरी, योग जुळून आला नाही. एवढंच. मी म्हणालो, आई, मला तक्ता पुरा करायचाय. आणि निघालो.

बारा पुडकी.

२६ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.१०

सीझन उघडला. गल्लीत एकही पिकअप नाही. सगळं गाव वर गेलंय. चर्चवाल्यांनी पहाटे चारला शिकाऱ्यांसाठी पॅनकेक ठेवले होते. मी जाऊन आलो. पाच खाल्ले. लोकांनी शुभेच्छा दिल्या. मीही दिल्या.

रायफल अजून नाही, पण नारिंगी जाकीट आणि टोपी आहे. दिवसभर घालून होतो, म्हणजे अंगवळणी पडेल. किराणा आणायला तसाच गेलो. बिलावरच्या मुलीने विचारलं, मिळालं का काही? मी म्हणालो, अजून नाही. हे शब्दशः खरं होतं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

चेट आज ऑफिसात आला. गाडीचं काही काम नव्हतं. नंबर घेऊन, रांगेत उभा राहून खिडकीशी आला आणि म्हणाला, माझी जादाची रायफल आहे, टू-सेव्हंटी, ती घे आणि शनिवारी चल. कळप तिसऱ्या खिंडीत आहे, व्हर्न जायचा तिथेच.

मी सांगितलं की उसन्या रायफलीशी माणसाचं नातं जमत नाही. मासिकात यावर स्वतंत्र लेख आहे. चेट म्हणाला, "नातं एल्कशी जमवायचं नाहीये, ड्वेन. मारायचंय." मागे चार माणसं होती, मी पुढचा नंबर पुकारला.

३ नोव्हेंबर, रविवार

अंतिम निर्णय. ऐतिहासिक दिवस. सिक्स पॉइंट फाइव्ह. धक्का सौम्य, निशाणा सरळ, भुवई सुरक्षित. तक्त्यात एकूण गुणांत पहिलं. काल रोलँडकडे ऑर्डर नोंदवली. त्याच्याकडे याच कॅलिबरची रायफल काउंटरवर होती, पण दस्ता हिरवा होता. मी राखाडी मागवला. हिरव्यात माझा माझ्यावर विश्वास बसला नसता.

तीन आठवड्यांत येईल. म्हणजे २३ तारखेला. पुढे आठ दिवस सीझन. सगळं गणित तंतोतंत बसलं.

१० नोव्हेंबर, रविवार

आईकडे मॅकरोनी आणि चीज. मांस नव्हतं. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, पाच आहेत, जपून काढते. मी तिला ऑर्डरची पावती दाखवली. तिने वाचली. घडी करून माझ्या हातात परत दिली.

बाबांची खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर आता चेटही बसत नाही, स्टूल ओढून घेतो. मी पाहिलं आणि म्हटलं, खुर्ची आहे. बस्स.

१७ नोव्हेंबर, रविवार

तक्ता पूर्ण झाल्याने संध्याकाळी काय करावं कळत नाही. टेकडी चढावी असं मनात आलं. बर्फ पडला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आली! फारच देखणी. राखाडी. खोक्यातून काढली, पुसली, परत ठेवली. दुर्बीण लावायच्या कड्या मात्र मापाच्या नाहीत. ती माझी चूक नाही, तक्त्यात कड्यांचा रकानाच नव्हता. रोलँड म्हणाला, बुधवारी येतील.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

कड्या आल्या, दुर्बीण लागली. रायफल खोक्यासकट आईकडे नेली. चेटने ती हातात घेतली, तोलून पाहिली, म्हणाला, छान आहे. मनापासून म्हणाला. मला बरं वाटायला हवं होतं.

टर्की दुकानातली होती, ती दर वर्षीच असते. जेवण झाल्यावर आई गॅरेजमध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. मी पाहायला गेलो. फ्रीजरचं झाकण उघडं होतं. आत खरवडून ठेवलेला बर्फ आणि आइसक्रीमचा एक डबा. ती आतच बघत म्हणाली, "मंगळवारी शेवटचं शिजवलं."

मी काहीतरी म्हणालो.

तिने झाकण लावलं. म्हणाली, "ड्वेन, रविवारी शेवटचा दिवस आहे. जाशील ना?"

मी हो म्हणालो. चेट पहाटे पाचला मला घ्यायला येणार. ठरलं. लिहून ठेवतोय म्हणजे मागे घेता येणार नाही. रविवारी जाणार.

३० नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३

रेंजवर मी एकटाच. वीस गोळ्या नेल्या होत्या. तीन झाडल्या. तिन्ही वेळा चाप ओढायच्या आधी डोळे मिटले. चौथ्या वेळी बोट चापावर ठेवलं आणि ते वाकेचना. थंडीने आखडलं असेल. पंधरा मिनिटं तसाच पडून होतो. लक्ष्याच्या कागदावर कोणीतरी एल्कचं चित्र काढलेलं होतं. तो माझ्याकडेच बघत होता.

विचारांती: ज्या रायफलीचा निशाणा नीट बसवलेला नाही ती घेऊन जनावरावर जाणं अनैतिक आहे. जनावर जखमी होऊन पळालं तर? याला जबाबदारी म्हणतात. चेटला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, ठीक आहे. आईला तो कळवणार आहे.

मी कळवायला हवं होतं. पण एक फोन झाला होता, आणि सूप गॅसवर होतं.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ८

बाहेर चार इंच बर्फ. निर्णय योग्यच होता.

सकाळी ११

आईला फोन. उचलत नाही. चर्चमध्ये असेल.

दुपारी १.३०

उचलत नाही. जाऊन येतो.

संध्याकाळी ७

नीट क्रमाने लिहितो.

आईच्या घराला कुलूप नव्हतं. आत कोणी नाही. व्हॅक्युम क्लीनर पॅसेजमध्ये मधोमध उभा होता आणि कपाट उघडं. फ्रिजच्या दारावर लोहचुंबक होता, परवाना नव्हता. माझ्या लक्षात यायला मला पाच मिनिटं लागली. मग मी स्वयंपाकघरात बसलो. बाबांच्या खुर्चीवर बसलो, दुसरी कुठली दिसली नाही.

पावणेचारला चेटची पिकअप आली. आई उतरली. डोक्यावर बाबांची लाल टोपी, बूट गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेले. मागच्या बाजूला एक मोठी मादी, चार तुकडे करून ताडपत्रीखाली. मी विचारलं, किती गोळ्या? हा काय प्रश्न होता, मला माहीत नाही, पण तोच सुचला. चेट म्हणाला, एक. आई म्हणाली, मागची तंगडी धर, जड आहे.

आम्ही तिघांनी आत आणलं. चेट निघून गेला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, ठोकला नाही, नुसता ठेवला.

आईने टेबलावर प्लास्टिक अंथरलं, सुऱ्या काढल्या. मला म्हणाली, तुला कापता यायचं नाही, तू रायफल पूस, ओली झालीय. तेल खणात आहे. मी पुसायला घेतली. जोडावर पाणी थांबलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ही मोडली कधी गं?

"मोडली नाही. कापली."

सुरी चालूच होती. म्हणाली, "तुझीच आहे ती. तुझ्या बाराव्या वाढदिवसाची. बाबांनी स्वतःची रोलँडच्या वडिलांना दिली आणि ही घेतली. तुझा हात पुरेना, म्हणून दस्ता करवतीने कापला. तुकडा खणात जपून ठेवला. म्हणाले, पोरगा वाढला की परत लावू."

मी म्हणालो, मग?

"मग तू वाढलास."

मी पुसत राहिलो. पुसून झालेलं होतं. ती म्हणाली की त्या दिवशी तिसऱ्या खिंडीत मादी ऐंशी यार्डांवर उभी होती. मी निशाणा धरला आणि रडायला लागलो, पिकअपपर्यंत रडत आलो, पुन्हा कधी येणार नाही म्हणालो. बाबा एक शब्द बोलले नाहीत. गावात सगळ्यांना सांगितलं, ड्वेनला सर्दी झाली होती. आई म्हणाली, "इतक्या वेळा सांगितलं की तूही तेच सांगायला लागलास. आम्ही म्हटलं, राहू दे."

तरी बाबा तीन वर्षं थांबले होते. दर ख्रिसमसला मला दारात उभं करायचे, हात लांब करायला लावायचे आणि टेपने मोजायचे. हे मला चांगलं आठवतं. मी विचारायचो, कशाला? ते म्हणायचे, आई तुला स्वेटर विणणार आहे.

माझ्या आईला विणता येत नाही. हे मला आज कळलं असं नाही. कायमच माहीत होतं.

माझ्या पंधराव्या वर्षी बाबांनी तुकडा परत बसवला आणि स्वतः वापरायला लागले. त्यांच्याकडे दुसरी नव्हतीच, मधली तीन वर्षं चेटची जादाची नेली होती.

बेचाळीस पुडकी झाली. आई बांधत होती, मी वर लिहीत होतो. आमच्याकडे मांसाचा प्रकार, तारीख आणि मारणाऱ्याच्या नावाचं अक्षर लिहितात. गेल्या वर्षीपर्यंत व्हर्नचं असायचं. मी आईला विचारलं, अक्षर तुझंच ना? ती म्हणाली, मग कोणाचं? मी बेचाळीस वेळा "आर्डिस" हे पूर्ण नाव लिहिलं. तिने ती एकेक करून पेटीत रचली.

निघताना तिने रायफल माझ्या हातात दिली. व्हॅक्युमला जागा होईल, म्हणाली.

घरी आल्यावर एकदा खांद्याला लावून पाहिली. बरोबर बसते. कुठेही टोचत नाही, गाल आपोआप जागेवर येतो. लगेच खाली ठेवली.

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९

कॅलिबर: थर्टी-ऑट-सिक्स. निर्णय चाळीस वर्षांपूर्वीच झालेला आहे. तक्ता चुलीत घातला.

नवी रायफल रोलँड परत घेईल का ते विचारायचं आहे. दुपारी जाईन म्हणतो. आत्ता बाहेर पडता येत नाही. पहाटेपासून डोळ्यांना आणि नाकाला धार लागली आहे, थांबतच नाही, हातरुमाल तीन संपले. ऑफिसला फोन केला. आज येत नाही म्हणून सांगितलं. काय झालं विचारलं त्यांनी. म्हटलं, सर्दी झाली आहे.